भाड्याची गाडी, सरकारी फेरी

सरकारी कचेऱ्यांच्या आवारात उभ्या असणाऱ्या सगळ्याच गाड्या सरकारच्या मालकीच्या नसतात. बऱ्याच गाड्या महिन्याच्या करारावर घेतलेल्या असतात. 2016 मध्ये सुरू झालेल्या ‘जेम’ या सरकारी खरेदीच्या संकेतस्थळावर आता गाडी भाड्याने घेण्याचीही सोय आहे. शिवाय 1 एप्रिल 2023 पासून सरकारच्या मालकीच्या, पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या गाड्यांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही. गाडी गेली तरी दौरे, पंचनामे आणि तपासण्या थांबत नाहीत. अशा वेळी भाड्याची गाडी हा जवळचा मार्ग ठरतो.

येथे एक प्रश्न उभा राहतो. शासकीय कामासाठी वापरली म्हणून भाड्याची गाडी सरकारी होते का? पुढच्या काचेवर ‘महाराष्ट्र शासन’ अशी पाटी लागली की ती झालीच, असा सर्वसाधारण समज आहे. कायदा मात्र वेगळे सांगतो.

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 66 प्रमाणे प्रवासी वाहतुकीसाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाडीला परवाना लागतो. याच कलमात सरकारी गाड्यांना सूट दिलेली आहे; परंतु ती केंद्र वा राज्य सरकारच्या ‘मालकीच्या’, आणि व्यापाराशी संबंध नसलेल्या सरकारी कामाला वापरलेल्या वाहनांपुरती. सक्तीच्या विम्यातून मिळणारी सूटही अशीच मालकीला बांधलेली आहे. म्हणजे आत कोण बसले आहे, एवढ्यावरून सूट ठरत नाही. नोंदणीपुस्तकात मालक म्हणून ठेकेदाराचे नाव असेल, तर ती गाडी इतर कोणत्याही टॅक्सीसारखीच आहे.

नोंदणीतला हा फरक नंबरप्लेटवर दिसतो. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे खासगी वापर; पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे भाड्याची वाहतूक; आणि काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे म्हणजे स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मिळणारी गाडी. विजेच्या गाडीची पाटी हिरवी असते. खासगी असेल तर अक्षरे पांढरी, भाड्याची असेल तर पिवळी.

रंगामागे तपासणीची व्यवस्था आहे. खासगी मोटारीची नोंदणी एकदा झाली की पंधरा वर्षे चालते. पिवळ्या पाटीच्या गाडीला मात्र आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. 2019 पासून नव्याने नोंदल्या जाणाऱ्या अशा गाड्यांत ठावठिकाणा कळवणारे यंत्र आणि संकटकाळी दाबायचे बटण असावे, असाही नियम आहे. निवडणुकीच्या किंवा पुराच्या कामावरून रात्री उशिरा एकटीने परतणाऱ्या कर्मचारी महिलेच्या दृष्टीने त्या बटणाचे मोल वेगळे सांगायला नको.

मग पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने का दिली जाते? कारण हिशेबाचे आहे. पिवळ्या पाटीचा विमा महाग पडतो, परवान्याचा व तपासणीचा खर्च आणि खेपा वाढतात, आणि पुढे गाडी विकताना किंमत कमी येते. दर कमी भरून काम मिळवणाऱ्याला हा खर्च टाळावासा वाटतो. कचेरीलाही कमी दर हवाच असतो.

या काटकसरीची किंमत अपघाताच्या दिवशी कळते. खासगी मोटारीच्या विम्यात भाड्याचा वापर वगळलेला असतो. त्यामुळे गाडीच्या नुकसानीची भरपाई विमा कंपनी नाकारू शकते. तिसऱ्या व्यक्तीच्या बाबतीत, परवाना नसणे हा कायद्याचा मूलभूत भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये अमृत पॉल सिंग खटल्यात म्हटले. तेथे कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, असा मार्ग काढला गेला. जखमीला आधार मिळाला, पण कर्ज काढून एकच गाडी घेतलेला मालक अशा वसुलीत बुडू शकतो.

कचेरीनेही स्वतःला सुरक्षित समजू नये. परवान्याविना गाडी चालवणाऱ्याबरोबरच ती तशी वापरायला लावणाऱ्यालाही कलम 192-अ लागू होते. पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. राजस्थान परिवहन महामंडळाने भाड्याने घेतलेल्या बसच्या प्रकरणात तर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामंडळालाच जबाबदार धरले. बस आणि चालक दुसऱ्याचे होते, पण ताबा महामंडळाचा होता.

म्हणून करारावर सही होण्यापूर्वी नोंदणीपुस्तक, परवाना, फिटनेस आणि विमा हे चार कागद पाहिले जावेत. दरमहा बिल मंजूर करतानाही त्यांची मुदत तपासावी. विमा नुसता चालू असून भागत नाही, तो भाड्याच्या वापराचा आहे का हे पाहावे लागते. गाडीत बसणाऱ्या कर्मचाऱ्यानेही नंबरप्लेटकडे एकदा नजर टाकावी. गाडी कुठे जायची हे वरिष्ठ ठरवतील; पण काही घडले तर आपल्या आणि रस्त्यावरच्या माणसाच्या पाठीशी कोणता विमा आहे, हे त्या पाटीच्या रंगावरून बऱ्याच अंशी कळते.