गोल मांडलेल्या खुर्च्यांचं दशक

आमच्या अपस्मार गटाची महिन्याची बैठक यापुढे भरणार नाही, असा निरोप दिवाळीनंतर फोनवर आला. त्याखाली लगेच जोडलेले हात आणि अंगठे उमटले. करोनात बंद पडलेली बैठक नंतर कशीबशी सुरू झाली होती, पण मांडलेल्या खुर्च्या रिकाम्याच राहायच्या. 'व्हॉट्सअ‍ॅपवर आहोतच की सगळे,' असं संयोजक लिहितात. आहोत ना! सकाळी सुविचार, संध्याकाळी आकडीवरचा रामबाण काढा आणि 17 नोव्हेंबरला, राष्ट्रीय अपस्मार दिनाला, जांभळी फीत.

माझी तारुण्यातली वर्षं आकडी लपवण्यात गेली. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. फेनिटॉइनच्या गोळ्या, त्यांनी सुजलेल्या हिरड्या, नाकाशी धरलेली चप्पल आणि आईनं नातेवाइकांना सांगितलेली 'साधी चक्कर'. लपवायला कारणही होतं. 1976 च्या दुरुस्तीनं हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारी आकडी लग्नाच्या आड आणून ठेवली होती. ती अट 1999 मध्ये निघाली. स्थळं बघणाऱ्यांच्या डोक्यातून मात्र निघाली नाही.

गटात बसून मन मोकळं करायचं, ही कल्पना तोवर आपल्याकडे रुळली होती. पुण्यात 1986 पासून 'मुक्तांगण'मध्ये व्यसनी माणसं एकमेकांसमोर बोलत होती. ठाण्यात 1990 मध्ये डॉ. आनंद नाडकर्णींनी मानसिक आरोग्यासाठी संस्था काढली. पुढे यशोदा वाकणकर यांनी स्वतःच्या अनुभवातून पुण्यात 'संवेदना' हा अपस्मारग्रस्तांचा गट उभा केला. आमचा लहानसा गटही त्याच सुमारास एका शाळेच्या वर्गात भरू लागला.

त्यानंतरच्या दशकाबद्दल मी कितीही बोलू शकतो. गट चालवायला मानसशास्त्र शिकलेल्या बाई होत्या. त्यांचे नियम कडक. इथलं इथंच राहणार. दुसऱ्याला डोस सुचवायचा नाही. आईवडलांनी बाहेर बसायचं. हा शेवटचा नियम ऐकून एक आई रडली होती आणि तिचा तिशीतला मुलगा पहिल्यांदाच हसला होता. बाई गृहपाठ द्यायच्या. आकडीच्या भीतीनं काय काय सोडलं, त्याची यादी करायची आणि त्यातलं सर्वांत सोपं पुढच्या बैठकीपर्यंत करून यायचं. कुणी एकट्यानं तुळशीबागेत जाऊन आलं, कुणी न्हाणीघराची कडी लावायची नाही या अटीवर दारामागची राखण थांबवायला घरच्यांना राजी केलं. धोका कुठला आणि नुसती भीती कुठली, हे वेगळं करायला आम्ही तिथे शिकलो.

एकदा बोलता बोलता एका मुलीला आकडी आली. कुणी किंचाळलं नाही. एकानं खुर्च्या सरकवल्या, एकीनं ओढणी सैल करून डोक्याखाली दप्तर सरकवलं, गटातल्या एका काकांनी घड्याळ बघितलं. झटके थांबताच तिला कुशीवर वळवलं. तोंडात चमचा नाही, नाकाशी कांदा नाही. पाच मिनिटं उलटली तर दवाखान्यात न्यायचं, हे सगळ्यांना पाठ होतं. पूर्ण भानावर आल्यावर तिनं विचारलं, "किती वेळ?" काका म्हणाले, "दीड मिनिट. चहा सांगू ना तुझा?" आणि तिचं अर्धं राहिलेलं बोलणं तिनं पुरं केलं. घरी प्रत्येक आकडीनंतर आठवडाभर सुतक असायचं, असं ती म्हणाली.

नवीन गोळी सुरू झालेल्या तिघांना आपण उगाच चिडचिड करतो, याची लाज वाटायची. गटात ती लाज उघडी पडली, तेव्हा कळलं की तिघांची गोळी एकच, लेव्हेटिरासेटम. चिडचिड हा तिचा माहीत असलेला दुष्परिणाम. तिघं आपापल्या डॉक्टरांकडे गेले.

माझे त्या वेळचे डॉक्टर मात्र म्हणाले होते, "गप्पा मारून फिट थांबत नसते." रांग मोठी होती, त्यांना घाई होती. गप्पांनी गोळी सुटत नाही, हे आम्हालाही ठाऊक होतं. पण आकडीबरोबर येणाऱ्या नैराश्याचं काय? अपस्मार असलेल्या साधारण चारांतल्या एकाला ते गाठतं. 2008 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी पुण्याच्या डॉ. नंदन यार्दींसह भारतात केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. औषधांना न जुमानणारी आकडी असलेले 18 जण, काहींना स्वीकारावर आधारलेली मानसोपचार पद्धत, काहींना योग, दोन्हींत गटाच्या बैठका. वर्षभर मोजल्यावर दोन्ही गटांत आकड्या कमी झाल्या, पहिल्यात जास्त. प्रयोग छोटा होता, पण 'गप्पा' म्हणून उडवून लावण्यासारखा नव्हता. 2018 मध्ये तर अपस्मारावरच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मानसशास्त्र गटानं उपचारांत मानसोपचाराची शिफारस केली.

मग आमचं बिनसलं कुठे? बाई गाव सोडून गेल्या आणि त्यांच्या जागी शिकलेलं माणूस आणायला पैसे नाहीत, असं ठरलं. फलक, शाली आणि पाहुण्यांच्या भाषणांना मात्र पैसे होते. वर्तुळ मोडलं, खुर्च्या रांगेत लागल्या, व्यासपीठ आलं. पूर्वी बोलणारे आम्ही श्रोते झालो, आणि श्रोत्यांना घरी बसूनही ऐकता येतं.

दोष फोनचा नाही. अमेरिकेत अटलांटाच्या एमरी विद्यापीठानं फोनवरच आठ आठवड्यांचे छोटे गट चालवून अपस्मारग्रस्तांचं नैराश्य कमी करून दाखवलं. पण तिथे ठरलेली वेळ होती, मोजकी माणसं होती, चालवायला शिकलेलं माणूस आणि सोबत स्वतः आकडी अनुभवलेली व्यक्ती होती. आमच्याकडे यातलं काहीच उरलं नाही, फक्त फोन उरला.

म्हणून विनंती आहे ती मेंदूविकारतज्ज्ञांना आणि रुग्णालयांच्या व्यवस्थापनांना. महिन्यातून एका संध्याकाळी बाह्यरुग्ण विभागातली एक खोली द्या आणि एका मानसशास्त्रज्ञाचं मानधन द्या. खुर्च्या आम्ही मांडू.