वाळवलेल्या पाल्याचा एक चमचा

आषाढ-श्रावणात वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी या तानसाकाठच्या गावांतील हवा इतकी दमट असते, की दोरीवरचे लुगडे दोन दिवसांत धड सुकत नाही. अशा दिवसांत सुपात पसरलेला पुदिना वा शेवग्याचा पाला प्रथम काळा पडतो आणि मग त्याला कुबट वास येऊ लागतो. मुलांनी घेऊन दिलेल्या मायक्रोवेव्हमध्ये पाला वाळवण्याची युक्ती त्यामुळे अनेक आजींनी आत्मसात केली आहे. वाचकहो, मला ही युक्ती मनापासून आवडते. परंतु तिच्यामुळेच एका आजींची प्रकृती नाजूक वळणावर येऊन ठेपली होती, ती हकिगत आधी सांगतो.

या आजींच्या हृदयात कृत्रिम झडप बसवलेली आहे. झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये, म्हणून त्या असेनोकुमॅरॉल ही गोळी रोज घेतात, आणि आय.एन.आर. या रक्ततपासणीवरून तिची मात्रा ठरते. वर्षभर स्थिर असलेला हा आकडा एका श्रावणात एकाएकी खाली आला. म्हणजे रक्त नको तितक्या लवकर गोठू लागले होते. गोळी एकही दिवस चुकली नव्हती. बऱ्याच चौकशीअंती सूनबाई म्हणाल्या, "पंधरा दिवसांपासून त्या रोज दोन चमचे शेवग्याची पूड ताकातून घेतात." त्यावर आजी काहीशा रागानेच उद्गारल्या, "डॉक्टर, ते औषध थोडेच आहे? भाजीच ती!"

भाजीच खरी, पण पाणी काढून घेतलेली. ताज्या पानाच्या वजनात तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणी असते. वाळवताना तेवढेच निघून जाते. उष्णतेने क जीवनसत्त्वाचा बराचसा नाश होतो हे खरे, परंतु के जीवनसत्त्व, पोटॅशियम आणि इतर क्षार पुष्कळ अंशी पानातच राहतात. चमचाभर पूड म्हणजे साधारण मूठभर पाला. शेवग्याची भाजी आपण आठवड्यातून एखाद्या वेळी खातो. पूड मात्र रोज, न चुकता, पोटात जाते. रक्त पातळ ठेवणाऱ्या या गोळीचे कार्य के जीवनसत्त्वाच्या विरोधावरच आधारलेले आहे. वॉर्फरिनचेही तसेच. अपिक्साबान, रिव्हरॉक्साबान, डाबिगाट्रान या नव्या गोळ्यांना हा नियम लागू नाही. आपल्या घरी कोणती गोळी चालू आहे, हे चिठ्ठीवर पाहून घ्यावे. आणि पूड चालू असल्याचे आज लक्षात आले, तर ती परस्पर एकदम बंदही करू नये, आय.एन.आर. मग उलट दिशेने वाढून रक्तस्रावाचा धोका संभवतो. आधी डॉक्टरांना कळवावे.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना धोका पोटॅशियमचा. ते रक्तात साठले, तर हृदयाची लय बिघडते. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारख्या गोळ्यांनीही पोटॅशियम वाढू शकते, हे शुश्रूषा करणाऱ्यांनी ध्यानी ठेवावे.

आता प्रत्यक्ष वाळवण्याकडे वळू. पाने धुऊन कापडावर पसरावीत आणि पृष्ठभागावर पाण्याचा थेंबही उरू देऊ नये. ओले पान वाळण्याऐवजी शिजते. जुडीला तार बांधलेली असल्यास ती काढावी, अन्यथा ठिणग्या उडतात. देठ काढून पानांचा एकच थर सुती कापडाच्या दोन घड्यांमध्ये ठेवावा. प्रथम एक मिनिट, त्यानंतर वीस-वीस सेकंदांनी थांबून, पाने उलटून पाहावे. बोटांत चुरा झाला, की काम झाले. कढीपत्ता आणि पुदिना उत्तम वाळतात. कोथिंबिरीचा मात्र वासच उडून जातो, तिच्या वाटेला जाऊ नये. ओव्याची जाड, रसाळ पानेही ताजीच वापरावीत. खास वाळवणयंत्र असल्यास ३५ ते ४५ अंश सेल्सियस पुरेसे. पावसाळ्यात पन्नासपर्यंत न्यावे लागते.

यंत्र चालू ठेवून देवपूजेला बसू नये. कोरडे पान पेट घेऊ शकते. तसे झाल्यास दार न उघडता बटण बंद करावे आणि वीज तोडावी. मधुमेहाने बोटांची संवेदना मंदावलेल्यांना काचेची तबकडी किती तापली आहे हे कळत नाही, त्यामुळे ती दुसऱ्या कोणी काढावी. दमेकऱ्यांनी पूड दळल्यावर मिक्सरचे झाकण लगेच उघडू नये.

पाने पूर्ण निवल्यावरच काचेच्या बरणीत भरावीत. दुसऱ्या दिवशी आतल्या बाजूस दव दिसले, तर पुन्हा वाळवावीत. बुरशी दिसली, तर वरवरचे काढून उरलेले वापरण्याचा मोह टाळावा, सगळेच टाकून द्यावे. आपल्याकडच्या हवेत वर्षाची बेगमी करू नये, दोन महिन्यांपुरते पुरे.

मग हा खटाटोप करावा तरी कशासाठी? माझ्या मते मिठासाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांच्या आहारात दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे. रक्तदाबाच्या रुग्णाचे मीठ तोडले, की त्याचे जेवणावरचे मनच उडते, आणि मग घरात 'कमी सोडियमचे' मीठ येते. त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते, म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णासाठी ते धोक्याचे. त्याऐवजी ताकात चिमूटभर पुदिना, वरणावर चुरडलेला कढीपत्ता घालून पाहा. चवीपुरती ही चिमूट बहुतेकांना बाधत नाही. प्रश्न चमच्याने रोज घेण्याचा आहे.

आमच्या आजींच्या बाबतीत शहरातील हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला घेतला, पूड थांबवली, आणि लागोपाठ तपासण्या करून आय.एन.आर. पूर्वपदावर येईपर्यंत गोळीची मात्रा जुळवली. आता त्या तपासणीला येताना गोळ्यांच्या डब्यासोबत पिशवीत बरण्याही घालून आणतात. प्रत्येकीवर नातवाच्या हस्ताक्षरात पाल्याचे नाव, वाळवल्याची तारीख आणि 'चिमूटभर' असे लिहिलेले असते.