फोटो काढायला चार वर्षे कशाला?

घनसावंगीतल्या एका मुलीला इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ‘अ’ श्रेणी मिळाली. तिला ओढ छायाचित्रणाची. वडिलांनी मला विचारले, “भाऊ, फोटो काढायला चार वर्सं कॉलेज कशाला? मोबाइल हाय की.” या प्रश्नाचे मूळ शोधताना मी दीडशेहून अधिक वर्षे मागे गेलो.

मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. तिथे शिकलेले हरिचंद चिंतामण पुढे नामवंत छायाचित्रकार झाले. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी एक लाख रुपये देऊन जी कलाशाळा उभी केली, तिचा पहिला वर्गही १८५७ साली याच संस्थेत भरला. म्हणजे कॅमेरा आणि पेन्सिल यांची सुरुवात शेजारी-शेजारी झाली.

पुढे वाटा फुटल्या. रेखाटन जे. जे.च्या आवारात रुजले. कॅमेरा बाजारपेठेतल्या स्टुडिओत, उस्तादाच्या हाताखाली शिकला जाऊ लागला. चित्रकला हा छंद आणि फोटो हा धंदा, ही आपली समजूत तिथलीच.

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० साली ललित कला विद्याशाखा निघाली. तिथे ना. श्री. बेंद्रे यांच्याकडे शिकलेले ज्योती भट्ट हे मुळात चित्रकार. १९६७ पासून ते कॅमेरा घेऊन खेडोपाडी फिरले. भिंतींवरची चित्रे, रांगोळ्या, गोंदणे त्यांनी टिपली. मातीची भिंत सारवली की चित्र जाते. छायाचित्र मागे राहते.

जे. जे.मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी १९८१ पासून मिळू लागली. आज बारावीनंतर सीईटी द्यावी लागते. तिच्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र असते. उपयोजित कलेत छायाचित्रण पुढच्या वर्षांत येते, आधी पेन्सिल. कारण मोबाइल उजेड स्वतःच मोजतो. तांब्या-पेल्याचे चित्र काढणाऱ्याला मात्र तो छटाछटांनी मोजावा लागतो. ही नजर एकदा बसली की मग कोणताही कॅमेरा चालतो. आपल्याला जवळचे म्हणजे छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कला महाविद्यालय.

आमच्या भागातला एक जुना स्टुडिओ बंद झाला, तेव्हा निगेटिव्हची खोकी उकिरड्यावर गेली. लग्ने, बैलपोळे, शाळेचे गट, सारे त्यात होते. मी रोज तिथून जात होतो. मोल कळले ते उशिरा.

मुलीच्या वडिलांना मी हेच सांगितले. कळ दाबायला चार वर्षे लागत नाहीत. काय टिपावे आणि काय जपावे, हे शिकायला लागतात. पोरगी आता रोज संध्याकाळी तांब्या-पेला मांडून बसते.