मुलीला दिसलेली रेघ खोटी होती का?

मागच्या व्याख्यानात आपण दोरीवर भासणाऱ्या सापाची चर्चा केली. तिथं साप खोटा असला तरी दोरी खरी असते. आज आपण अशा भासाकडे वळू, ज्याच्यामागे बाहेर दोरीसुद्धा नाही.

समजा, नऊ वर्षांची एक मुलगी वर्गात म्हणते, "फळ्यावरची अर्धी अक्षरं गेली, आणि करवतीच्या दात्यांसारखी चमकती रेघ सरकते आहे." वीसेक मिनिटांनी तिचं डोकं ठणकू लागतं, उलटी होते. मोठी माणसं काय म्हणतात? "अभ्यास टाळायचे बहाणे!"

आपण जिला अर्धशिशी म्हणतो, त्या मायग्रेनची ही पूर्वखूण. वैद्यकात तिला 'ऑरा' म्हणतात. १९४१ साली कार्ल लॅशली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं स्वतःला दिसणारा असाच ठिपका कसा वाढतो, ते कागदावर उतरवून हिशेब केला. मेंदूच्या दृष्टी सांभाळणाऱ्या भागावरून काहीतरी मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगानं सरकत असावं! १९४४ मध्ये ब्राझीलच्या आरिस्तिदेस लेआव यांना सशाच्या मेंदूत साधारण त्याच संथ गतीनं पसरणारी विद्युत-शांतता आढळली. पेशी क्षणभर खवळतात, मग काही मिनिटं गप्प होतात. चमकती रेघ म्हणजे लाटेची कड. मागे उरलेली पोकळी म्हणजे गप्प झालेल्या पेशी.

मग रक्ताचं काय? पूर्वी समजूत अशी, की आधी रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी पडतं, म्हणून दृष्टी बिघडते. पण १९८१ मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी ऑरा चालू असताना मोजमाप केलं. रक्तप्रवाहातली घट मेंदूच्या मागच्या भागातून हळूहळू पुढे सरकत होती, आणि रक्तवाहिन्यांच्या हद्दी पाळत नव्हती. मुलांच्या एमआरआय तपासण्यांतही अशी हद्द ओलांडणारी घट दिसली आहे. एक पाट तुंबला तर त्याच पाटावरचे वाफे सुकतील ना? इथं तसं होत नाही. म्हणून आज बहुतेक संशोधक मानतात, की आधी पेशींची लाट, आणि रक्त तिच्यामागून.

नैयायिकांचं उदाहरण आठवू या. माती वाहून आणणारं कुंभाराचं गाढव मडक्याच्या आधी हजर असतं, पण म्हणून ते मडक्याचं कारण ठरत नाही. सोबत असणं वेगळं, कारण असणं वेगळं.

एक सावधगिरी मात्र बाळगू. असा प्रकार पहिल्यांदाच झाला, हातपाय लुळे पडले किंवा बोलणं अडखळलं, तर घरीच 'अर्धशिशी' म्हणून मोकळं होऊ नये. पक्षाघातही असाच दिसू शकतो. ताबडतोब डॉक्टर गाठावा.

आता मूळ प्रश्न. मुलीची रेघ फळ्यावर नव्हती, हे खरं. पण ती खोटं बोलत होती का? नाही. ती आपल्याच मेंदूतली घटना प्रामाणिकपणे सांगत होती. तेव्हा पुढच्या वेळी तिला रागावण्याआधी, बरं वाटल्यावर, हातात कागद-पेन्सिल देऊ या. "काय दिसलं, काढून दाखव." लॅशलीनं तरी दुसरं काय केलं होतं?