ओवी संगणकात शिरते त्या दाराशी

गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव, त्यामुळे परभणी जिल्ह्यात जात्यावरच्या ओवीचा मान काही वेगळाच. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यांतल्या काही हजार ध्वनिमुद्रितही झाल्या. याच जिल्ह्यातल्या ताडकळसचे आवाज त्यांत आहेत. हा ठेवा जपला गेला. पण संग्रहापर्यंत न पोचलेले आवाज अजून कपाटातल्या कॅसेटींत पडून आहेत, आणि फितीवरचा चुंबकीय थर काही अमर नसतो. अशी कॅसेट संगणकात उतरवायची म्हटले की चर्चा सुरू होते ती सॉफ्टवेअरची आणि चोवीस बिटांची. खरा निकाल मात्र त्याआधीच लागलेला असतो, साउंड चिपच्या तोंडाशी बसवलेल्या दोन रेझिस्टरांवर आणि एका कपॅसिटरवर. या तिघांची किंमत मिळून चहाच्या कपाएवढीही भरत नाही.

चिपला आवाज कळत नाही, कळतो तो खालीवर होणारा विजेचा दाब. आणि तिचा घास ठरलेला असतो. 1990च्या दशकाअखेरीस रूढ झालेल्या एसी 97 पद्धतीच्या चिपांना साधारण 1 व्होल्टपर्यंतचा संकेत चालतो. घरगुती टेपडेकच्या लाइन आउटमधून सरासरी 0.3 व्होल्टच्या आसपास संकेत येतो, सीडी प्लेयरमधून मात्र 2 व्होल्टांपर्यंत. माइकची गोष्ट उलटी. तो जेमतेम काही मिलिव्होल्ट देतो, म्हणून माइकच्या सॉकेटमागे दहापट किंवा त्याहून अधिक वर्धन ठेवलेले असते, शिवाय इलेक्ट्रेट माइकला लागणारा दोन-अडीच व्होल्टांचा दाबही तिथूनच पुरवला जातो. टेपची वायर याच सॉकेटात खुपसली की लाटेचे माथे कापले जातात आणि गाणारीचा चढा सूर फाटतो. टेपची जागा लाइन इनमध्ये. तिथेही 2 व्होल्टांचा संकेत जड होतो, त्यावर उपाय साधा आहे: 6.8 किलोओहमचे दोन सारखे रेझिस्टर एकापुढे एक जोडायचे आणि मधल्या बिंदूवरून संकेत घ्यायचा. 2 व्होल्टांचा 1 व्होल्ट होतो. मग मेगाओहमचे का नकोत? कारण रेझिस्टर जितका मोठा, तितकी त्याच्यातल्या उष्णतेची खरखर जास्त, आणि भोवतालच्या वायरिंगमधली गुणगुणही तो सहज ओढून घेतो. फार लहान घेतला तर टेपच्याच अंगावर भार पडतो.

कपॅसिटरचे काम याहून नाजूक. चिपची आवाज घेणारी पिन स्वस्थ असतानाही तिच्या पुरवठ्याच्या साधारण निम्म्या दाबावर टांगलेली असते. हा स्थिर दाब बाहेर जाऊ नये आणि बदलता संकेत तेवढा आत यावा, म्हणून मध्ये कपॅसिटर घालतात. पण तो मंद कंपनांनाही अडवतो. पुढचा रोध 10 किलोओहम असेल, तर 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 16 हर्ट्झच्या आसपास ऊर्जा निम्मी करतो. हे कानाच्या मर्यादेखालीच गेले. तिथे 0.1 मायक्रोफॅरडचा बसवला, की हीच सीमा 160 हर्ट्झवर चढते. बाईचा गळा बहुतेक शाबूत राहतो, जात्याची खोल घरघर मात्र पातळ होते. ओवीची लय त्या फिरण्यावरच बांधलेली, त्यामुळे हे नुकसान किरकोळ म्हणता येत नाही.

कोणी म्हणेल, लहान कपॅसिटरने 50 हर्ट्झची गुणगुणही जाईल, बरेच की! ती कमी होते खरी, पण तिची 100, 150, 200 हर्ट्झची पिल्ले उरतात. शिवाय आत आलेली गुणगुण सॉफ्टवेअरने नंतर सावकाश काढता येते. बाहेर ठेवलेले जाते आत आणता येत नाही. कापलेल्या माथ्यांचेही तसेच, सॉफ्टवेअर तिथे अंदाजाने ठिगळ लावते. चोवीस बिटांनी फरक पडेल? साध्या कॅसेटची स्वतःची सरसर सर्वांत मोठ्या आवाजाच्या 50 ते 60 डेसिबलच खाली असते; सोळा बिटांना 96 डेसिबलचा आवाका आहे. आणि यूएसबी साउंड कार्ड घेऊन प्रश्न मिटतो म्हणावे, तर चांगल्या कार्डाच्या डबीत हाच सरंजाम असतो आणि स्वस्तातल्या अनेकांत फक्त एका वाहिनीचे माइक सॉकेट.

अर्थिंगमुळे येणाऱ्या गुणगुणीचा प्रश्न मात्र रेझिस्टर-कपॅसिटरने सुटत नाही. टेप आणि संगणक दोन वेगळ्या वाटांनी जमिनीला जोडलेले असले, की त्या वेढ्यातून फिरणारा प्रवाह संकेतात मिसळतो. मध्ये एकास एक प्रमाणाचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घातला तर वेढा तुटतो. पण स्वस्त ट्रान्सफॉर्मरचा गाभा लहान असतो, खालच्या सुरांना तो लवकर भरून जातो, म्हणजे पुन्हा जात्यावरच संक्रांत. तेव्हा आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐकून पाहावे. पुष्कळदा गुणगुण तेवढ्यानेच थांबते.