रात्री होडीवर स्क्रीनचा उजेड कमी ठेवा

इंदूरजवळच्या यशवंत सागरावर पहाटेच्या अंधारात जाळं ओढणारे असोत, की समुद्रात रात्र काढणारे तांडेल, मोबाईल आता सगळ्यांच्याच हातात. पण अंधाराला डोळे पूर्ण सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात. झगझगीत पांढऱ्या स्क्रीनकडे बघितलं की ते सरावणं गेलं. मग समोरची बिनबत्तीची होडी दिसत नाही.

निघायच्या आधी काठावरच एवढं करा:

• जीपीएस, फिश फाइंडरला नाईट मोड लावा. काळ्यावर मंद लाल अक्षरं सगळ्यात बरी, त्यांनी डोळे कमी दिपतात.

• मोबाईलचा ब्राइटनेस अगदी खाली, डार्क मोड चालू.

• उजाडलं की सगळं परत वाढवा. नाहीतर उन्हात स्क्रीनवर काहीच दिसणार नाही.

• कुणाला लाल-हिरव्यात फरक कळत नाही? मोबाईलच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये 'कलर करेक्शन' आहे, ते चालू करा. पण समोरच्या बोटीची डावी बत्ती लाल, उजवी हिरवी असते. तिथे मोबाईल कामाचा नाही. अशा माणसाला रात्री एकट्याला सुकाणूवर बसवू नका.

सेटिंग जमत नसेल तर घरातल्या पोरांना सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.