झिंगाट वाजलं म्हणून पोरी बिघडत नाहीत

मागच्या वेळी आपण गटाच्या हिशेबाच्या वहीबद्दल बोललो होतो. आज गाण्याबद्दल बोलायचं आहे. गाणं म्हटल्यावर तुम्ही खूश झाला असाल, पण आमचं आजचं म्हणणं तुमच्यापैकी पुष्कळजणींना आवडायचं नाही. आमच्याच प्रभागात हे बोललो तेव्हा दोघीजणी चहा अर्धा टाकून उठून गेल्या होत्या.

आमचं म्हणणं एवढंच आहे, की ‘सैराट’नं आणि त्यातल्या गाण्यांनी आपल्या पोरी बिघडवल्या असं जे गावोगाव बोललं जातं, ते आम्हाला पटत नाही.

सुरुवात एका हळदीपासून करतो. फुलंब्रीकडच्या एका गावात, दोन वर्षांमागं. मांडवात डीजे लावलेला, आणि डीजे म्हटलं की झिंगाट आलंच. आमच्या गटातल्या एका ताईची मुलगी बारावीला होती. ती नाचली. चांगली नाचली. तिच्यासोबत आमच्यातल्याही चार-पाच जणी नाचल्या, त्यात एक आजीसुद्धा होत्या. कुणीतरी मोबाईलवर शूटिंग केलं आणि दुसऱ्या दिवशी ते स्टेटसला लावलं. आजींना कुणी काही बोललं नाही. मुलीबद्दल मात्र पारावर चर्चा सुरू झाली. ‘ही आर्ची होणार’, ‘हिला आत्ताच आवरा’. आठवड्याभरात तिचा मोबाईल काढून घेतला, मग एसटीचा पास कपाटात गेला. पुढच्या महिन्याच्या मीटिंगला तिच्या आईनं कर्ज मागितलं. कारण होतं मुलीचं लग्न.

आम्ही कर्ज दिलं. अंतर्गत कर्ज, तीस हजार, ठराव सर्वानुमते. आईच्या आधार कार्डाची झेरॉक्स वहीला लावली. मुलीच्या आधार कार्डाची कुणीच मागितली नाही. मागितली असती तर तिला अठरा पूर्ण व्हायला सात महिने बाकी आहेत हे सगळ्यांना कागदावर दिसलं असतं. दिसू नये म्हणूनच बहुतेक मागितली नाही. ठरावाखाली आमच्याही सह्या आहेत.

नंतर माहेरी आली तेव्हा ती आम्हाला म्हणाली, “मावशी, माझं कुणी नव्हतंच. मला गाणं आवडलं म्हणून नाचले.”

तेव्हापासून हा विषय आमच्या डोक्यातून जात नाही. म्हणून एका मीटिंगला आम्ही विचारलं, बायांनो, सैराट किती जणींनी पाहिला? चौदाच्या चौदा हात वर. शेवट किती जणींनी पाहिला? तीन हात. बाकीच्यांनी एकतर नुसती गाणी मोबाईलवर पाहिली होती, नाहीतर टीव्हीवर पिक्चर लागला की शेवटी उठून भाकरी करायला गेल्या होत्या. एक वहिनी म्हणाल्या, “शेवट पाहवत नाही ना, मग कामून बघायचा?”

म्हणून ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ ला आला. दिग्दर्शक नागराज मंजुळे, संगीत अजय-अतुल यांचं. करमाळ्याकडच्या गावातली गोष्ट आहे. आर्ची पाटलाची मुलगी, पर्श्या मासेमारी करणाऱ्या पारधी कुटुंबातला. तेव्हा आपल्या शहराला सगळे औरंगाबादच म्हणत. आमच्याकडून लोक टेम्पो करून तिथं पिक्चर बघायला गेले होते. मराठी चित्रपटानं तोवर कधी कमावला नव्हता एवढा पैसा या चित्रपटानं कमावला. २०१८ मध्ये ‘धडक’ नावानं तो हिंदीत निघाला, त्यातही झिंगाट घेतलंच. चित्रपट जवळजवळ तीन तासांचा आहे. त्यात चार गाणी, आणि चारही पहिल्या अर्ध्या भागात. पोरं-पोरी पळून हैदराबादला जातात, झोपडीत राहतात, कामं करतात, भांडतात, पुन्हा एकत्र येतात, संसार उभा करतात, त्यात एकही गाणं नाही. शेवटी आर्चीचा भाऊ आणि नातेवाईक माहेरचं सामान घेऊन येतात. लहान लेकरू शेजारणीसोबत बाहेर गेलेलं असतं. ते परत येतं तेव्हा आई-बाप रक्तात पडलेले असतात. त्या ठिकाणी संगीत तर नाहीच, आवाजसुद्धा बंद आहे.

आपण हळदीत नाचतो ते पहिल्या अर्ध्या भागावर. भीती घेतो तीही पहिल्या अर्ध्या भागाची. पोरगी पळून जाईल, ही ती भीती. भावानं मारलं, याची भीती आम्ही आजवर कुठल्या मीटिंगला ऐकली नाही.

काही जणी म्हणतात, पण हे सगळं पिक्चरमुळंच वाढलं. तर पिक्चरच्या आधीचं बघा. शेजारचा नगर जिल्हा. जानेवारी २०१३ मध्ये नेवासा तालुक्यात सोनईजवळ जातीबाहेरच्या प्रेमप्रकरणावरून तीन दलित तरुणांचा खून झाला. नाशिकच्या न्यायालयानं २०१८ मध्ये त्यात सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. एप्रिल २०१४ मध्ये जामखेड तालुक्यातल्या खर्डा गावात सतरा वर्षांच्या दलित मुलाचा जीव गेला. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो, एवढा संशय पुरला. तो खटला २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटून संपला. या दोन्ही गोष्टी सैराटच्या आधीच्या. पिक्चरनं हे शिकवलं नाही, पिक्चरनं हे दाखवलं.

आणि नंतरचं तर आपल्याच जिल्ह्यातलं. डिसेंबर २०२१, वैजापूर तालुका. एकोणीस वर्षांची मुलगी, काही महिन्यांपूर्वी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलेली, पोटुशी. आई आणि भाऊ भेटायला आले म्हणून ती चहा ठेवायला गेली, आणि तिथंच तिला मारलं. पोलिसांनी भाऊ आणि आईला ताब्यात घेतलं. दुसऱ्या दिवशी बातम्यांमध्ये मथळे होते, ‘सैराट’ची पुनरावृत्ती. आम्हाला तो शब्द तेव्हाही खटकला, आजही खटकतो. त्या मुलीच्या मरणाला पिक्चरचं नाव कशाला? त्यानं वाटतं की पडद्यावरून काहीतरी खाली उतरलं आणि घडलं. घडलं ते घरातल्या माणसांनी घडवलं. त्यातही आई होती, बायांनो. हे बोलताना आमचीही जीभ जड होते.

आता आमचं दुसरं म्हणणं, ते बहुतेक याहून जास्त झोंबेल. आपण म्हणतो की आजकालची गाणी वाईट, जुनी चांगली. जात्यावरच्या ओव्या किती सोज्वळ! ओव्यांबद्दल आम्हालाही प्रेम आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी वर्षानुवर्षं गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्या, त्यात आपल्या मराठवाड्याच्या बायांच्याही आहेत. पहाटे तीनला उठून दळताना त्या बाईला बोलायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ती जात्याशी बोलली. पण त्या ओव्यांत सगळ्यात लाडाचा कोण, आठवून बघा. भाऊ. भाऊ येईल, भाऊ न्यायला येईल, भावाचा घोडा, भावाची चोळी. सासुरवाशिणीला तोच एक आधार होता, तर ती दुसरं काय म्हणणार! म्हणून त्या भावाला आपण एवढं वर चढवून ठेवलं की बहिणीचं लग्न कुणाशी, हे ठरवायचा हक्क त्याचाच, असं त्यालाही वाटतं आणि आपल्यालाही. बहिणींची कथा वेगळीच. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि केंद्रानं २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा दिला, तरी आपल्यातल्या किती जणींनी हक्कसोडपत्रावर सही करून दिली? आमच्या गटात अकरा जणींनी. का, तर भाऊ तुटायला नको.

मग ओव्यांनी भाऊ बिघडवले, असं कुणी म्हणतं का? नाही म्हणत, आणि म्हणूही नये. घरात जे असतं तेच गाण्यात येतं. मग हाच न्याय झिंगाटला का नाही?

या चित्रपटात आम्हाला खटकणारं काही नाही, असं समजू नका. मुली विहिरीत पोहत असतात तिथं पर्श्या उडी मारतो, ते आम्हाला अजिबात आवडलं नाही. मुलीच्या मागं मागं फिरणं म्हणजे प्रेम, हे पोरांना आधीच पाठ आहे, त्यात भर नको होती. पण आर्ची ट्रॅक्टर चालवते, बुलेट चालवते, आवडलं तर तोंडावर सांगते, ते आम्हाला आवडलं. गटातून ट्रॅक्टरसाठी कर्ज काढणाऱ्या बाया आहेत, चालवणारी एक दाखवा. हे बोलल्यावर आमच्याकडच्या एक मावशी म्हणाल्या, “मला शिकवा, मी चालवते.” त्यांचं वय बासष्ट आहे. त्यांचं शिकणं चालू आहे, बांधावर एकदा घातलाही, असो.

डीजेचं म्हणाल तर आमचं भांडण आवाजाशी आहे. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा ध्वनी प्रदूषणाच्या २००० च्या नियमात आहे, आणि रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. ते पाळा आणि हवं ते वाजवा. डीजेसाठी मात्र गटातून कर्ज नाही, हा ठराव आम्ही केला आहे आणि त्यावरून शिव्याही खाल्ल्या आहेत.

मुळात भीती कशाची आहे ते बोलू. पोरगी पळून जाईल म्हणून सोळा-सतरालाच उरकून टाकायचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१९-२१ मध्ये २० ते २४ वयाच्या बायकांना विचारलं, तर महाराष्ट्रात शंभरातल्या जवळपास २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालं होतं. परभणीत हाच आकडा ४८. आपला जिल्हाही राज्याच्या सरासरीच्या वरच आहे. पळून गेलेल्या मुली गावात बोटावर मोजण्याइतक्या असतात, पण त्यांच्या नावानं घरात बसवलेल्या मुली मोजल्या तर वही पुरायची नाही.

आमच्यासारखी चूक तुमच्या गटाकडून होऊ नये म्हणून कायद्याचं थोडं. बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ चा आहे. मुलगी अठराच्या आत किंवा मुलगा एकविसाच्या आत असेल, तर लग्न लावणाऱ्यालाच नाही, त्याला मदत करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. लग्नासाठी कर्ज देणारा गट यात कुठं बसतो, ते तुम्हीच बघा. गावात ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. १०९८ वर फोन करता येतो, नाव सांगावं लागत नाही. दुसऱ्या बाजूनं, अठराच्या आतली मुलगी स्वतःहून पळून गेली तरी कायदा तिची संमती मानत नाही, आणि मुलावर पोक्सोचा गुन्हा दाखल होतो. हे पोरांना आणि पोरींना दोघांनाही सांगा, ओरडून नाही, शेजारी बसून. आणि दोघं वयात आलेली असतील तर त्यांच्या लग्नाला घरच्यांची, भावकीची, जातपंचायतीची परवानगी लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २७ मार्च २०१८ च्या शक्ती वाहिनी खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे. अशा जोडप्याला धोका असेल तर संरक्षण देणं पोलिसांचं काम आहे. अडचण आली तर ११२ किंवा महिलांसाठी १८१.

आमच्या गटात आता कर्जाच्या अर्जात एक रकाना वाढवला आहे. कारण ‘मुलीचं लग्न’ असेल तर मुलीच्या जन्मतारखेचा पुरावा. पहिल्याच महिन्यात एक अर्ज परत गेला. ती ताई अजून आमच्याशी नीट बोलत नाही. तिची मुलगी मात्र परवा बसस्टँडवर दिसली, दप्तर घेऊन. तिनं लांबूनच हात केला.

गेल्या महिन्यात आम्ही ग्रामसंघाच्या खोलीत सैराट लावला, आया आणि मुली एकत्र बसवून. झिंगाटला आधी कुणी उठेना, मग सगळ्याच उठल्या. हळदीत नाचलेल्या त्या आजीही होत्या. शेवटापर्यंत कुणाला उठू द्यायचं नाही असं ठरलं होतं, आणि कुणी उठलंही नाही. दिवे लावल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आजींनी विचारलं, “त्या लेकराला कुणी सांभाळलं असंल?” त्यावर जे बोलणं सुरू झालं ते रात्री साडेदहापर्यंत चाललं. त्या रात्री बऱ्याच घरी भाकरी उशिरा झाली.

तुमच्या गटात हा पिक्चर लावून बघा, शेवटासकट. काय बोलणं झालं ते आम्हाला केंद्रावर कळवा. आमचं म्हणणं पटलं नसेल तर तेही कळवा, पुढच्या वेळी वाचून दाखवू. पुढच्या वेळी पुन्हा हिशेबाची वही, व्याजाचा रकाना अर्धवट राहिला आहे.